सिक्लिड माशांचं खाद्य निवडताना: डब्याची मागची बाजू आणि माशाचं आतडं

शेवाळमित्र:

सिक्लिडला कोणतं खाद्य घालावं, असं कुणी विचारलं की उत्तरात लगेच एखाद्या डब्याचं नाव येतं. पण सिक्लिड म्हणजे एक मासा नव्हे. या कुळात दीड हजारांहून जास्त जाती आहेत. कुणी दगडावरचं शेवाळ खरवडतो, कुणी तोंडभर वाळू घेऊन चाळतो, कुणी गोगलगायी फोडतो, आणि टांगानिका सरोवरातला पेरिसोडस तर दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून पोट भरतो. हे सगळं त्यांना जमतं ते घशात असलेल्या जबड्याच्या दुसऱ्या जोडीमुळे. पुढचा जबडा पकडायचं काम करतो, घशातला दळायचं. ऑस्कर मोठं पेलेट (खाद्याची दाबून केलेली गोळी) चावताना कल्ल्यांतून भुगा सुटताना दिसतो, तो या घशातल्या जात्याचा.

त्यामुळे डबा उचलण्याआधी आपला मासा मुळात काय खाण्यासाठी घडलेला आहे, ते बघा. तोंडावरून पुष्कळ कळतं. लॅबिओट्रोफियसचं तोंड खाली वळलेलं असतं, ते दगडाला समांतर राहून शेवाळ खरडण्यासाठी. पीकॉकच्या (ऑलोनोकारा) खालच्या जबड्यावर मोठी संवेदी छिद्रं असतात. वाळूखाली हलणारे किडे तो त्यांच्या मदतीने हुडकतो. जिओफेगस वाळू तोंडात घेतो, चाळतो आणि कल्ल्यांतून सोडतो. तोंडानंतर आतडं. ट्रोफियस, पेट्रोक्रोमिस यांच्यासारख्या शेवाळ खाणाऱ्यांचं आतडं शरीराच्या कित्येक पट लांब असतं. मासे खाणाऱ्यांचं आखूड असतं.

आता सगळ्यात पसरलेल्या गैरसमजाबद्दल. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात दगडांमध्ये राहणारे सिक्लिड, म्हणजे म्बुना, 'शाकाहारी' आहेत, हे अर्धंच खरं आहे. ते दगडावरचा जो थर खातात, त्यात शेवाळाबरोबर डायटम (सूक्ष्म एकपेशीय जीव), बारीक कवचधारी जीव आणि किड्यांच्या अळ्याही असतात. म्हणजे त्यांना प्राणिज प्रथिनं मिळतात, पण थोडी थोडी, दिवसभर, भरपूर तंतुमय पदार्थासोबत आणि जवळजवळ चरबीशिवाय. आपण नेमकं उलटं करतो. दिवसातून एकदा, मूठभर, तेलकट आणि पिठाळ. प्रथिनांना घाबरण्याचं कारण नाही. शाकाहारी म्हणून विकली जाणारी स्पिरुलिना (निळसर-हिरवं सूक्ष्म शेवाळ) स्वतःच ५५ ते ६५ टक्के प्रथिन असते. बिघाड होतो तो चरबी, स्टार्च आणि एका वेळच्या मात्रेमुळे.

तुमच्या टाकीत कोणती जात आहे आणि डब्यामागे काय छापलंय ते लिहा, त्यावर बोलू.

अंकुर२२:

छान धागा. माझी टाकी ३०० लिटरची. साधारण १० सेंटिमीटरचे २० मासे: बहुतेक म्बुना, त्यात ५ यलो लॅब, शिवाय ४ पीकॉक. समोर दोन डबे आहेत.

पहिला: प्रथिनं ४८, मेद १४, तंतू २, राख (म्हणजे खनिजं) १०, ओलावा ८ टक्के.
दुसरा, ज्यावर मोठ्या अक्षरात 'व्हेज' लिहिलंय: प्रथिनं ३४, मेद ६, तंतू ३, राख ९, ओलावा १० टक्के.

दुसराच घ्यायचा ना?

शेवाळमित्र:

थांबा. आधी एक वजाबाकी करा. डब्यावर पिठूळ भाग, म्हणजे कर्बोदकं, बहुतेक वेळा छापलेली नसतात. छापलेले पाचही आकडे मिळवून १०० मधून वजा केले की ती निघतात. पहिल्यात बेरीज ८२, म्हणजे कर्बोदकं १८. दुसऱ्यात बेरीज ६२, म्हणजे कर्बोदकं ३८! ज्याला आपण हिरवं खाद्य समजतोय त्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग पीठ आहे. म्बुनाचं लांब आतडं शेवाळासाठी आहे, गव्हासाठी नव्हे.

थोडं पीठ लागतंच, त्याशिवाय पेलेट बांधलं जात नाही. पण उरणारा आकडा २५ च्या आसपास असावा. तुमच्या मिश्र टाकीसाठी प्रथिनं ४० ते ४५, मेद ५ ते ८, तंतू ४ ते ५, राख १२ च्या आत, असा डबा शोधा. पहिल्या डब्याचा १४ टक्के मेद मासे खाणाऱ्या फ्रंटोसालासुद्धा रोज नको. यलो लॅब (लॅबिडोक्रोमिस सेरुलियस) नावाने म्बुना असला तरी तो बारीक किडे टिपणारा आहे, त्यामुळे ४० च्या वरची प्रथिनं त्याला आणि पीकॉकला मानवतात. बाकीच्या म्बुनांना जपायचं ते मेद आणि मात्रा आवरून.

मग घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण ते वजन कारखान्यात घालतानाचं. 'अख्खा सामन' पहिला असला तरी ताज्या माशात ७० टक्क्यांच्या वर पाणी असतं. वाळल्यावर त्याचा वाटा पाव हिश्शावर येतो आणि दुसऱ्या क्रमांकावरचं गव्हाचं पीठ प्रत्यक्षात पहिलं ठरतं. 'फिश मील' आधीच वाळवलेलं असतं, त्यामुळे ते पहिलं असेल तर ते खरंच पहिलं. आणि गव्हाचं पीठ, गव्हाचं ग्लुटेन, सोयाबीन पेंड, मका अशी वेगवेगळी नावं विखुरलेली दिसली तर मनात त्यांची बेरीज करा.

खोलपाणी:

मात्रेचा हिशोब मी मांडतो. खाद्याची चर्चा पाण्याच्या हिशोबाशिवाय अपुरी राहते.

१० सेंटिमीटरचा म्बुना साधारण २० ग्रॅमचा धरा. मोठ्या माशाला दिवसाला वजनाच्या १ टक्का कोरडं खाद्य पुरतं, म्हणजे ०.२ ग्रॅम. २० माशांना ४ ग्रॅम. ही वरची मर्यादा समजा. एकदा वजनकाट्यावर मोजून बघाच, कारण चिमटीचा अंदाज बहुतेकांचा दुपटीने चुकतो. बारीक पेलेटचा एक सपाट चमचा साधारण अडीच-तीन ग्रॅम भरतो.

आता ४ ग्रॅम खाद्यात ४५ टक्के प्रथिनं म्हणजे १.८ ग्रॅम. प्रथिनाचा १६ टक्के भाग नायट्रोजन, म्हणजे ०.२९ ग्रॅम. त्यातला साधारण दोन तृतीयांश कल्ल्यांतून अमोनिया म्हणून आणि विष्ठेतून पाण्यात येतो. फिल्टरमधल्या जिवाणूंनी त्याचं नायट्रेट केलं की ०.८ ग्रॅमच्या पुढे जातं. ३०० लिटरमध्ये वाटलं तर रोज जवळपास पावणेतीन मिलिग्रॅम प्रतिलिटर, आठवड्याला १९-२०. म्हणजे दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं तरी बदलण्याआधीचा आकडा ४० च्या आसपास जाऊन थांबतो. तेच खाद्य दुप्पट घातलं तर ८०. मग मासे मलूल दिसतात आणि दोष डब्याला दिला जातो.

मृद्गंधा:

+१. यात भर म्हणून टिलापियाचं उदाहरण. तोही सिक्लिडच, आणि मत्स्यशेतीमुळे त्याच्या आहाराचा अभ्यास भरपूर झालेला आहे. अगदी लहान पिल्लांना ४० ते ५० टक्के प्रथिनं लागतात, पण वाढलेल्या माशाचं २५ ते ३२ टक्क्यांवर उत्तम चालतं. टिलापिया वनस्पतीही चांगल्या पचवतो, त्यामुळे हा आकडा पीकॉकला जसाच्या तसा लावू नये. पण वय वाढलं की गरज उतरते, हे सगळ्यांना लागू आहे. पिल्लांचा डबा मोठ्या माशांना चालू ठेवणं ही नेहमीची चूक आहे.

रंगाबद्दल विचारायचं होतं. 'कलर' लिहिलेलं खाद्य घ्यावं का?

शेवाळमित्र:

मासा कॅरोटिनॉइड (पिवळी-लाल रंगद्रव्यं) स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावे लागतात. लाल-नारिंगीसाठी अ‍ॅस्टाझँथिन: क्रिल (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव), कोळंबी किंवा हिमॅटोकॉकस शेवाळातून. पिवळ्यासाठी ल्युटीन: झेंडूचा अर्क किंवा हिरवं शेवाळ. त्यामुळे लाल पीकॉक, सेव्हरम, फ्लॉवरहॉर्न यांना क्रिल असलेल्या खाद्याचा फायदा दिसतो, पण दिसायला काही आठवडे जातात. निळ्याचं मात्र वेगळं आहे. तो रंग खाद्यातल्या रंगद्रव्याचा नसून त्वचेतल्या पेशींमधल्या स्फटिकांवरून प्रकाश परततो त्याचा असतो. निळ्या म्बुनाला लाल रंगाचं खाद्य घालून काही साधत नाही. त्याचा निळा खुलतो तो स्वच्छ पाण्याने, कमी ताणाने आणि टाकीतल्या वरचढ जागेमुळे. पिवळ्या लॅबला अ‍ॅस्टाझँथिन फार झालं तर पिवळ्यावर नारिंगी झाक येऊ शकते.

आणि सावध राहण्याची गोष्ट म्हणजे संप्रेरकं. मिथाइलटेस्टोस्टेरॉन टिलापियाची सगळी पिल्लं नर करायला खाद्यातून देतात. तेच शोभेच्या माशांना दिलं की ४-५ सेंटिमीटरचं पिल्लू मोठ्या नरासारखं रंगतं. ते देणं थांबलं की रंग उतरतो, आणि अशा माशांच्या प्रजननाचा भरवसा राहत नाही. अख्ख्या थव्यात एकही फिकट मादी नसेल आणि सगळी बोटभर पिल्लं झळाळत असतील, तर घेऊ नका. दोन आठवड्यांत रंग आणतो असं सांगणाऱ्या आणि घटकांची यादी न छापणाऱ्या पुडीलाही हेच लागू.

गाळवाळू:

ब्लडवर्मचा (डासासारख्या किड्याच्या लाल अळ्यांचा) विषय कुणी काढला नाही. म्बुनाला दिलं की ब्लोट, म्हणजे पोट फुगण्याचा आजार होतो, हे पक्कं ना?

खोलपाणी:

इतकं सरळ नाही. मलावी ब्लोटचं एकच एक कारण ठरलेलं नाही. ताण, खराब पाणी, चुकीचा आहार, आतड्यातले स्पायरोन्यूक्लियससारखे चाबकासारखी शेपूट असलेले परजीवी आणि जिवाणू यांची सांगड असते. ब्लडवर्मचा एक घास म्हणजे विष नव्हे. पण ट्रोफियसला ते देऊच नये, शेवाळखाऊ म्बुनालाही गरज नाही. पीकॉक, रॅम, एपिस्टोग्रामा, एंजल यांना आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेलं चालतं. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल गांडुळासारखा किडा) टाळा. तो सांडपाण्याच्या गाळात वाढतो आणि धुतला तरी आतला गाळ आतच राहतो. सुकवलेल्या ब्लडवर्मने काहींना जोरदार ॲलर्जी होते, तेव्हा डबा उघडताना तोंड लांब ठेवा.

ब्लोट ओळखायची वेळ पोट फुगल्यावर नसते, त्याच्या बऱ्याच आधी असते. मासा इतरांबरोबर वर येतो, पेलेट तोंडात घेतो, दोनदा चघळल्यासारखं करतो आणि थुंकतो. दुसऱ्या दिवशी वर येतो पण घास घेत नाही. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात किंवा फिल्टरच्या नळीमागे उभा, श्वास जलद, आणि मागे पांढरी, दोऱ्यासारखी, आतून पोकळ विष्ठा लोंबते. पोट फुगून खवले उभे राहिले की उपाय फारसा चालत नाही.

पहिल्या थुंकण्यालाच पूर्ण टाकीचं खाद्य दोन दिवस बंद. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तपासा आणि ३० ते ४० टक्के पाणी बदला. पांढरी विष्ठा दिसली तर मासा वेगळा करून मेट्रोनिडॅझोल हे औषध: ४० लिटरला साधारण २५० मिलिग्रॅम, एक दिवसाआड, तीन वेळा. प्रत्येक मात्रेआधी चौथा हिस्सा पाणी बदलायचं. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, नाहीतर औषध त्यातच अडकतं. गोळी थंड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून बारीक कुटून कोमट पाण्यात ढवळून ओता. शक्य असेल तर जलचरांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारूनच सुरू करा. सरसकट प्रतिबंध म्हणून हे औषध घालत बसू नका.

गाळवाळू:

समजलं, धन्यवाद. पेलेट पोटात फुगतं म्हणून भिजवून घालावं, असंही सांगतात.

शेवाळमित्र:

त्यासाठी टाकीतलं पाणी एका वाटीत घ्या आणि १० पेलेट टाका. १० मिनिटांनी बघा. चांगलं पेलेट मऊ पडतं पण आकार फारसा वाढत नाही, आणि पाणी स्वच्छ राहतं. जे दीडपट होतं किंवा पिठासारखं विरघळून पाणी ढवळतं, त्यात स्टार्च जास्त आहे. ते भिजवून घालण्यापेक्षा बदला. भिजवण्यात एक तोटाही आहे. क जीवनसत्त्व आणि ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात. सुकवलेला क्रिल आणि ब्लडवर्म मात्र मिनिटभर भिजवाच. ते पोकळ असतात, हवा घेऊन तरंगतात आणि मासा तीच हवा गिळतो.

तरंगणारं की बुडणारं, याचं उत्तर तोंडात आहे. जिओफेगस आणि पीकॉक तळाचे, त्यांना बुडणारं. म्बुनाला हळूहळू बुडणारं. ऑस्कर वरून घेतो, चालतं. पेलेटचा आकार माशाच्या डोळ्याएवढा किंवा त्याहून लहान.

पंखाळी:

डिस्कस (गोल, चपटा सिक्लिड) पाळणाऱ्यांसाठी कुणीतरी बीफ हार्टबद्दल, म्हणजे गोवंशाच्या हृदयाच्या मांसाबद्दल लिहा. २९ अंशांवर ठेवतो आम्ही, तर पचतं असं म्हणतात.

मृद्गंधा:

उष्णता असली की पचन वेगाने होतं, हे खरं. तरी सस्तन प्राण्याची चरबी त्या तापमानालाही घट्टच असते आणि यकृतात साठते. वापरायचंच असेल तर चरबी, पांढरे पडदे आणि शिरा कात्रीने एकूण एक काढा आणि निम्म्याहून अधिक वाटा पांढऱ्या माशाचा व कोळंबीचा ठेवा. माझं मत असं की बीफ हार्ट वगळलं तरी काही अडत नाही. निसर्गात डिस्कस कुजलेला पाला, शेवाळ आणि बारीक जीव खातो.

घरी जेल करायचं असेल तर त्यातली मेख बांधणाऱ्या पदार्थात आहे. जिलेटिन ३० अंशांच्या आसपास मऊ पडून विरघळू लागतं, म्हणून डिस्कसच्या टाकीत त्याचा पाच मिनिटांत चिखल होतो. तिथे आगर वापरा. ते एकदा बसलं की ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. २५-२६ अंशांच्या म्बुना टाकीला जिलेटिन पुरतं.

म्बुनासाठी: सोललेले, दोन मिनिटं उकळलेले मटार २०० ग्रॅम (वरची सालं काढून), उकळत्या पाण्यातून काढलेला पालक १०० ग्रॅम, सोललेली कोळंबी १५० ग्रॅम, स्पिरुलिना पूड २० ग्रॅम. सगळं एकजीव वाटा. २०० मिलिलिटर गरम पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जिलेटिन विरघळवा, कोमट झालं की मिसळा. माशांसाठीचं जीवनसत्त्व मिश्रण सगळ्यात शेवटी, बोट घालून ठेवता येईल इतकं निवल्यावर, नाहीतर उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. झिपच्या पिशवीत अर्धा सेंटिमीटर जाड थापून फ्रीजरमध्ये ठेवा, लागेल तसा तुकडा मोडा. दोन महिन्यांत संपवा.

डिस्कससाठी: कोळंबी आणि पांढरा मासा मिळून ३५० ग्रॅम, पालक-मटार १०० ग्रॅम, स्पिरुलिना १० ग्रॅम. जिलेटिनऐवजी ८ ग्रॅम आगर २०० मिलिलिटर पाण्यात दोन मिनिटं उकळून, ५० अंशांच्या आसपास आलं की पटकन मिसळा. ४० च्या खाली आणलंत तर आगर पातेल्यातच बसेल. वाटण फ्रीजमधलं थंडगार असू नये, नाहीतर गुठळ्या होतात.

अंकुर२२:

ऑस्करला जिवंत गोल्डफिश घालतात, ते कसं?

मृद्गंधा:

नकोच. गोल्डफिश आणि त्या कुळातल्या बऱ्याच माशांमध्ये थायमिनेज असतं. ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. रोजच्या आहारात हे आलं की काही काळाने मासा तोल सांभाळू शकत नाही, गोल फिरतो. शिवाय परजीवी फुकट येतात. ऑस्कर निसर्गात किडे आणि कवचधारी जीव भरपूर खातो. पेलेट, सालासकट कोळंबी आणि अधूनमधून शिंपल्याचा गर, यावर तो उत्तम राहतो.

पंखाळी:

पिल्लांचंही लिहा, मग धागा जपून ठेवते.

गाळवाळू:

पिल्लांना ताजी उबवलेली अर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव, म्हणजेच ब्राइन श्रिम्प). १ लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, २ ग्रॅम अंडी, तळातून जोरदार हवा, वर दिवा, तापमान २६ ते २८. साधारण २४ तासांत उबतात. हवा आणि वरचा दिवा बंद करून तळाशी उजेड धरा आणि १० मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली उजेडाकडे जमतात. तिथून बारीक नळीने ओढून घ्या आणि गोड्या पाण्याने धुवा. उबल्यापासून काही तासांतच घाला, कारण अंड्यातला बलक पिल्लू स्वतःच खर्च करतं आणि पोषण उतरत जातं. म्हणूनच मोठी झालेली गोठवलेली ब्राइन श्रिम्प दिसायला भरघोस पण बलक संपल्याने मेदात हलकी. दिवसातून ४-५ वेळा, पोट नारिंगी दिसेल इतकंच.

खोलपाणी:

साठवणीचं राहिलं. क जीवनसत्त्व मासा स्वतः बनवत नाही. ते कमी पडलं की वाढत्या पिल्लांचा कणा वाकतो. खाद्यात ते सगळ्यात आधी नाश पावतं, म्हणून यादीत 'अ‍ॅस्कॉर्बिल पॉलिफॉस्फेट' असं स्थिर रूप आहे का बघा. उघडलेला डबा दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच घ्या. मोठं पाकीट घेतलंत तर महिन्याच्या वाटण्या करून हवाबंद पिशव्यांत फ्रीजरला टाका. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड पेलेटवर हवेतलं पाणी बसतं आणि तिथून बुरशी. टाकीच्या झाकणावर, दिव्याच्या उबेत डबा ठेवण्यासारखी वाईट जागा नाही. खवट किंवा जुन्या रंगासारखा वास आला तर तेल बिघडलं, टाकून द्या.

अंकुर२२:

नवा डबा घेतला: प्रथिनं ४४, मेद ७, तंतू ५, राख १०, ओलावा ८. वजाबाकी २६ येते. पण मासे तोंडात घेऊन थुंकताहेत. वर ब्लोटबद्दल वाचून भीती वाटली.

शेवाळमित्र:

डबा योग्य आहे. थुंकण्यातला फरक बघा. सगळे मासे थुंकताहेत, लगेच पुढच्या पेलेटवर झडप घालताहेत आणि विष्ठा खाद्याच्या रंगाची, भरीव आहे, तर ती फक्त नवी चव आहे. एकच मासा थुंकतोय, मागे सरतोय आणि विष्ठा पांढरी आहे, तर वर खोलपाणी यांनी लिहिलेलं सुरू करा.

नवी चव असेल तर उद्या पूर्ण उपास. परवापासून एक भाग नवं, तीन भाग जुनं, तीन दिवस. मग निम्मं-निम्मं तीन दिवस, नंतर तीन भाग नवं. सकाळी भुकेले असताना नवं आधी घाला, जुनं नंतर. अर्ध्या मिनिटात संपेल एवढंच. तळाशी पडलेलं लगेच ओढून काढा. नंतर आठवड्यातला एक दिवस उपासाचा कायम ठेवा. त्या दिवशी ते दगड खरवडताना दिसतील, दगडांवरचं शेवाळ त्यासाठीच राहू द्या.